पायथ्याशी उभी विजयमाला

माणूस मरायला टेकलाय आणि पोरगी अ‍ॅप्रनच्या खिशात हात घालून उभी! जत्रेत पाळणा बघायला आल्यासारखी. कस्तुराबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पोरगी म्हणजे तिची नात, विजयमाला. सोलापूरच्या या दवाखान्यात अपघात विभागाची डॉक्टर. मोहोळजवळच्या आपल्या वस्तीवर कस्तुराबाईनं सांगून टाकलं होतं, की आजपासून त्या विभागाचा सगळा कारभार माझ्या नातीच्या हातात. तसं ते अजून ठरायचं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई, बुद्धप्रिया मॅडम, आज तिचं काम बघून विभाग एकटीवर सोडायचा का नाही ते सांगणार होत्या. पण एवढं बारीक कोण सांगत बसतं?

आणि नेमका आजच शेजारच्या धोंडीरामाला एडक्यानं छातीत टक्कर मारली. त्याला दम घेता येईना. कस्तुराबाईनंच जीपमध्ये घालून त्याला आणला. मॅडमनी तिला भिंतीशी उभं राहू दिलं. ओळखीचं माणूस दिसलं की पेशंटला धीर येतो, म्हणाल्या.

भिंतीशी उभं राहून बघावं तर काय? गुरु नावाचा शिकाऊ डॉक्टर घामाघूम. धोंडीरामाच्या छातीत सुई टोचून झाली होती, आता कोंडलेली हवा काढायला बरगड्यांमधून नळी घालायची होती. एक नर्स ऑक्सिजनपाशी, एक सलाईनपाशी. आणि विजयमाला खाटेच्या पायथ्याशी नुसती उभी. चालत होतं ते फक्त तोंड. "गुरु, घाई नको. सिस्टर, प्रेशर किती?" मॅडम मागं उभ्या राहून मान डोलवत होत्या. कशाला डोलवत होत्या, देव जाणे.

कस्तुराबाईला राहवेना.

"अगं ए माले! त्या पोराचा हात थरथरतोय, दिसत न्हाय व्हय तुला? डॉक्टर तू हाईस का त्यो? हात लाव की!"

विजयमालेचे कान लाल झाले. तिनं हातमोजे चढवले, गुरुला बाजूला सारलं, खाली वाकली आणि नळी घातली. फुस्सकन हवा सुटली. कस्तुराबाईनं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. बघा म्हणावं, कुणाची नात हाय!

"पायथ्याशी कोण आहे?" मॅडमचा आवाज आला.

कुणीच नव्हतं. मॉनिटरवरचा प्रेशरचा आकडा घसरत चालला होता आणि जो तो आपापल्या कामात मान खाली घालून होता. मॅडम स्वतः त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. "प्रेशर सत्तर. दुसरी सलाईन जोरात सोडा. रक्त मागवा. गुरु, पोट बघ." हळूहळू आकडा चढला. बऱ्याच वेळानं धोंडीरामानं डोळे उघडून विचारलं, "एडका कुटं हाय?"

मग मॅडमनी विजयमालेला बाहेर बोलावलं. कस्तुराबाई न बोलावता गेली.

"नळी छान घातलीस," मॅडम म्हणाल्या. "पण विभाग आत्ताच देत नाही. अजून एक महिना माझ्याबरोबर."

"आवो, ह्ये कसलं शिक्षान म्हनायचं?" कस्तुराबाई मधेच. "नुसती हुबी हुती तवा तुमी मान डोलवत हुता, आन् काम केलं तर नापास?"

"आजी, नळी घालायला गुरु होता. चुकला असता तर तिनं सांगितलं असतं. सगळ्यांकडं बघायला मात्र ती एकटीच होती. ती वाकली, आणि घसरलेलं प्रेशर कुणाला दिसलंच नाही."

कस्तुराबाईच्या डोक्यात गुंता झाला. जन्मभर तिनं एकच शिकवलं होतं, की जो हात चालवतो त्याला मान. इथं हात चालवला म्हणून पोरीचं तोंड उतरलेलं! मॅडमला चार शब्द सुनवावेत, तर धोंडीराम त्यांच्यामुळंच बोलायला लागलेला.

"आज्जे, तू वरडलीस म्हणून गं..." विजयमाला पुटपुटली.

कस्तुराबाई पदर खोचून नातीसमोर उभी राहिली.

"माले, मला ह्यातलं निम्मं कळलं न्हाय. हुबं ऱ्हायाचं काम कसं हुतं, त्ये ह्यास्नीच ठावं. पर उद्या हितं माज्यासारक्या धा म्हाताऱ्या येतील, धा बाजूनं वरडतील. एक अडाणी बाई वरडली आन् तू जागा सोडलीस? मग मॅडमचं बरोबर हाय. मी बी न्हाय दिला तुला कारभार!"