पुसलेला चाकू

काशीच्या कमरेला चाकू नाही, असं गावात कोणी कधी पाहिलं नव्हतं. लाकडी मुठीचा, मिटवला की तळहातात दडून जाणारा साधा चाकू. सात-आठ वर्षांपूर्वी मुरबाडच्या बाजारात घेतलेला. भेंडीच्या वाडीत सुतळी तोडायची, खताच्या गोणीचं तोंड उघडायचं, दुपारी बांधावर बसून काकडी चिरायची, सगळं त्यानेच. रोज कामावरून आली की ती तो राखेने घासायची, उन्हात ठेवायची आणि मगच कमरेच्या पिशवीत टाकायची. एकदा नवऱ्याने, राघोने, तिला न विचारता त्या चाकूने पायाची नखं काढली होती. काशीने चाकू उकळत्या पाण्यात टाकला आणि दोन दिवस राघोशी बोलली नाही. या बाबतीत तिचं डोकं असं होतं.

त्यामुळे त्या रविवारी दीपेशने चाकू मागितला तेव्हा तिच्या जिवावर आलं. पण जावई म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? साखरपुडा होऊन महिना झाला होता, लग्न वैशाखातलं. मुलगा वाशिंदचा, कारखान्यात कायम झालेला, दिसायला उजळ, बोलायला गोड. काशीची मुलगी अक्षदा शहापूरला एका मेडिकलमध्ये कामाला होती. सुट्टीच्या दिवशी दीपेश गाडी घेऊन तिला भेटायला यायचा.

"मावशी, चाकू देता जरा? गाडीवरची दोरी तोडायचीय."

"घ्या. पन लगेच आना हां."

तो आणि अक्षदा घरामागे गेले. पंधरा-वीस मिनिटांनी दीपेशने चाकू मिटवून, दोन्ही हातांनी दिला तिला. "थँक्यू मावशी." काशीला ते बरं वाटलं. मुलाला रीत आहे, असंच तिच्या मनात आलं.

दुपारी भात, डाळ, बोंबलाचं कालवण आणि वाडीतल्या कोवळ्या काकड्या. भात-कालवण अक्षदाने वाढलं. काकड्या काशीने स्वतः चिरल्या, मीठ लावलं आणि चौघांच्या ताटांत फोडी टाकल्या. दीपेशने तीनदा मागून घेतल्या. काशीनेही दोन-तीन खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर ती भांड्यांबरोबर चाकू घेऊन मोरीवर बसली. पातं घासून झालं, मग काडीने मुठीतली खाच साफ करायला लागली. काडीला काहीतरी चिकट लागलं. तिने ओढून बाहेर काढलं. तपकिरी, मऊ केसांचा एक झुबका होता, काळपट पडलेल्या रक्तात माखलेला. त्याला कातडीचा एवढासा कपचा.

आधी तिला कळेचना. उंदीर? पण उंदराचे केस असे नसतात. तेवढ्यात अंगणातून शेजारच्या धोंडी म्हाताऱ्याची हाक आली.

"काशे, हिकडं ये! बघ तुज्या पाव्हन्यानं काय केलंय!"

धोंडीच्या हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं. गोठ्यामागच्या कुत्रीला झालेल्यांपैकी, महिन्याचंही नसेल. त्याचे दोन्ही कान बुडापासून कापलेले होते. पिल्लू ओरडत नव्हतं, नुसतं थरथरत होतं, आणि माश्या बसत होत्या.

काशीच्या जिभेवर काकडीची चव होती. ती मोरीकडे वळली, पण तिथवर पोचलीच नाही. तुळशीपाशीच ओकली. पांढऱ्या-हिरव्या फोडी तशाच्या तशा बाहेर पडलेल्या पाहून तिला पुन्हा उमासा आला.

आतून राघो आणि दीपेश धावत आले.

"मावशी, काय झालं? ऊन लागलं का?"

"ह्या चाकूनं कान कापलेस तू?" जावयाला ती अहो-जाहो करायची, ते तिच्या तोंडून गळून पडलं.

दीपेश आधी पिल्लाकडे आणि मग तिच्याकडे बघून हसला. कसनुसं नव्हे, अगदी मोकळं हसला. "ते होय! कान कापले की कुत्रा तिखट होतो मावशी. वाडीला राखण पाहिजे ना तुम्हाला? चांगलं धारदार पातं आहे, एका झटक्यात झालं. आणि मी पुसला होता ना चाकू, पँटला."

"पँटला," काशी म्हणाली.

"आमच्या लानपनी पन कापायचे गो," राघो मध्ये पडला. "एवढं काय त्यात? पाव्हन्याला पानी दे."

"मी नवीन घेऊन देतो," दीपेश म्हणाला. "ऑनलाइन भारी येतात फोल्डिंगवाले. उद्याच मागवतो."

काशीने पाणी दिलं नाही. ती धोंडीच्या हातातून पिल्लू घेऊन बसली, जखमांना हळद लावत राहिली. दीपेशची गाडी गेल्याचा आवाज तिने ऐकला, पण मान वर केली नाही.

दिवेलागणीला अक्षदा येऊन शेजारी बसली.

"तुला ठाव होतं?" काशीने विचारलं.

"हो."

"मी काकडी चिरत होते तवा?"

"हो आई."

"आनि तू खाल्लीस?"

"तू सगळ्यांना वाढत होतीस. त्याच्यासमोर काय बोलणार होते? त्याला राग येतो पटकन." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "पिल्लू मीच धरलं होतं. पाय धर म्हणाला, धरले."

काशी पोरीकडे बघत राहिली. बावीस वर्षांची, शिकलेली, दिवसभर लोकांना औषधं देणारी. तिला पोरीविषयी कणव यायला हवी होती, पण आली ती शिसारी. ही आपल्या पोटची, हे मनात येऊन तर ती शिसारी आणखी वाढली. तिने पिल्लू उचललं आणि गोठ्यात गेली.

पुढचे तीन दिवस काशीने अक्षदाच्या हातचं खाल्लं नाही. ओरडली नाही, रडली नाही, फक्त आपली भाकरी आपण थापून घेतली. पिल्लू दुसऱ्या रात्रीच गेलं. धोंडीने बांधापलीकडे पुरलं.

चौथ्या दिवशी सकाळी अक्षदा कामावर जायच्या ऐवजी साखरपुड्याची साडी आणि अंगठी पिशवीत घालून आईसमोर उभी राहिली.

"तू येशील का माझ्याबरोबर? मला एकटीला बोलता येणार नाही."

काशीने पदर खोचला आणि चपला घातल्या. राघो दारात आडवा आला, सोयरेधायरे तोंडात शेण घालतील म्हणाला. ती त्याच्या बाजूने वाट काढून निघाली.

वाशिंदला दीपेशच्या आईने पिशवीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कुत्र्याच्या कानापायी? अवो, लोकांना काय सांगायचं?"

"जे झालं तेच सांगा," काशी म्हणाली.

"वेडी का काय तुमी! पोरगा लानपनापासनं असाच हाय. सरडे, कोंबड्या, काय ना काय चालूच असतं त्याचं. लगीन झालं की सुदरतात पोरं."

अक्षदाने अंगठी टीपॉयवर ठेवली. "मला नाही करायचं," एवढंच म्हणाली. दीपेश आतल्या खोलीत होता, मोबाइलचा आवाज येत होता. तो बाहेर आला नाही.

गावात कोणी कानाची गोष्ट खरी मानली नाही. मुलीचं कुठेतरी असेल, असं बायका बोलल्या. काहींनी मुलात खोट असेल असं ठरवलं. काशीला जो कोणी विचारी त्याला ती पिल्लू, चाकू, काकडी, सगळं सांगे. ऐकणारा तोंड वाकडं करी आणि म्हणे, "बरं, पन खरं कारन काय?"

वैशाखातच दीपेशचं दुसरीकडे जमलं. पत्रिका राघोच्या नावाने आली. तो हळदीला गेला, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी परतला.

"मटन झकास होतं," पायरीवर बसून तो म्हणाला. "पोरगी पन चांगली हाय. पिवळ्या साडीत हसत होती."

अक्षदा आत डबा भरत होती. काशीने राघोच्या ओठाच्या कोपऱ्यात वाळलेला रस्सा पाहिला, आणि त्याच्यासाठी टाकलेला चहा तसाच मोरीत ओतून दिला.