वाळलेलं पान आधी

"हे पान शेवटी यायला हवं," असं म्हणत मोठ्या बाई नखाने पान उचकटू लागल्या. डिंक अजून ओला होता.

"बाई, हात नका लावू," मी म्हणाले.

बालवाडी त्यांची, मी तिथे शिकवणारी ताई. मी गोष्ट वाचून दाखवते, मग मुलं अंगणातून बिया, काड्या, पानं गोळा करतात आणि तीच गोष्ट पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवतात. आधी काय, मग काय, शेवटी काय. या वेळी झाडाची गोष्ट होती. बी रुजते, कोंब येतो, झाड वाढतं, पान वाळून गळतं. सगळ्यांनी तशीच लावली. फक्त आमच्या मुंगीने वाळलेलं पान सर्वांत आधी लावलं. सतत काहीतरी उचलून आणते म्हणून ती मुंगी.

ती चिकटवत असतानाच मी तिला विचारलं होतं, "हे आधी का गं?"

"आधी आजोबा गेले. मग बाळ आलं," ती म्हणाली.

आजोबांचं नाव निघालं की तिची आई रडायची, म्हणून या पोरीने तो शब्दच टाकला होता. आज पहिल्यांदा तिच्या तोंडून तो निघाला आणि या बाई तो नखाने खरवडत होत्या.

"संध्याकाळी पालक येतील. म्हणतील, पोरांना क्रमसुद्धा येत नाही!"

"तिने सांगितलाय तो क्रम."

"ताई, बालवाडी माझी आहे."

"आहे ना. पण आजोबा तिचे होते."

संध्याकाळी बघते तर भिंतीवर मुंगीचा पुठ्ठा नाही! बाईंनी तो कपाटात कोंडला होता आणि किल्ली पर्समध्ये. मुंगी रिकाम्या खिळ्याकडे बघत उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा हात धरून मी अंगणात गेले, दोघींनी पुन्हा सगळं वेचलं आणि थेट दारातच फतकल मारली.

"उठा! लोक येताहेत."

"येऊ देत."

"मग उद्यापासून तुम्ही येऊ नका."

घाबरले मी, खोटं कशाला सांगू? ही पोरं सोडून मला दुसरं येतं काय? पण उठले नाही. मुंगी फरशीवर पान ठेवत होती.

इतक्यात तिची आई आली, कडेवर बाळ.

"आई, हे आजोबा," मुंगी पानावर बोट ठेवून म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता रडणार. डोळे भरलेही. पण ती बाळाला घेऊन तशीच खाली बसली.

"आणि पुढे?" तिने विचारलं.

मुंगीने मुठीतून बी काढली. मागे पालक खोळंबले होते.

"अहो, जरा वाट द्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

"थांबा की जरा," आई मान वर न करता म्हणाली. "तिचं सांगून होऊ दे."