थोरलीचे टायर

आमच्या घरात टायर निवडायचं काम सुरू झालं तेव्हा माझ्या निवृत्तीला साडेचार महिने होते. सहा दिवस उरले तरी ते सुरूच होतं. एवढ्या अवधीत माणसं घर बांधून त्यात राहायलाही जातात.

टायर आमच्या मोटारसायकलचे. लांबच्या प्रवासाची गाडी आहे ती, वजन पावणेचारशे किलो, मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी, दोन्ही अंगांना पेट्या, पुढे वारा अडवायला काच. मी तिला थोरली म्हणते. तसं पाहिलं तर या घरात आधी मी आले, ती माझ्यानंतर बावीस वर्षांनी. पण सावलीची जागा तिची, रविवारची सकाळ तिची, आणि माझ्या मऊ सुती ओढण्या तिचं अंग पुसायला जातात. तेव्हा मान तिलाच दिलेला बरा.

आमच्या ह्यांचा सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला. त्यामुळे टायरसाठीसुद्धा वही आखली गेली. कडक रबराचा टायर पुष्कळ टिकतो, पण ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा नाही. मऊ रबराचा टायर रस्ता धरून राहतो, पण लवकर झिजतो. एवढं मला पहिल्या संध्याकाळी कळलं होतं. ह्यांना चार महिने आणि दोन वह्या लागल्या, आणि तरी अजून थोडा अभ्यास बाकी होताच. जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा असा ढीग साचला की आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पडद्यांचा रंग ठरवायला ह्यांनी दीड वर्ष घेतलं, तेव्हा मी दीड वर्ष उघड्या खिडक्यांत काढलं आहे. पण इथे माझं काहीतरी अडकलं होतं. एकतीस वर्षं मी एका हॉस्पिटलच्या तळघरात फिजिओथेरपी केली. तिथे खिडकी नाही. गाडी घरात आली त्या वर्षी ह्यांनी मला शब्द दिला होता की, तुझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता मी गेटवर येईन, घरी जायचंच नाही, तिथूनच समुद्राकडे निघायचं. तीन दिवसांचा रस्ता. त्या एका संध्याकाळकडे डोळे लावून मी लोकांचे किती गुडघे वाकवले असतील, त्याला गणती नाही.

त्यात महिन्यापूर्वी वजनाचं प्रकरण झालं. टायरवर एक आकडा छापलेला असतो, तो टायर किती भार पेलेल ते त्यावरून कळतं. ह्यांनी जेवताना माझं वजन विचारलं. मी खरं सांगितलं, म्हणजे दोन किलो कमी सांगितलं. ह्यांनी ते वहीत मांडलं, त्यात स्वतःचं घातलं, सामानाचं घातलं, बेरजेकडे बराच वेळ बघत राहिले, मग "हं" म्हणाले आणि वही मिटली. त्यानंतर सहलीचा विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही. हजारो लोकांना मी त्यांच्या वजनावरून तोंडावर बोलले आहे, त्यात मला कधी काही वाटलं नाही. ते "हं" मात्र माझ्या जिव्हारी लागलं. ह्यांना गाडी हवी आहे, रस्ता हवा आहे, फक्त मागच्या गादीवर मी नको आहे, अशी माझी पक्की समजूत झाली. मला फार वाईट वाटलं. मी रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं, आणि चिडचिड दुप्पट केली.

सहा दिवस उरले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी आले आणि टायरच्या दुकानात आत्ताच्या आत्ता चला म्हणून सांगितलं. हे वही घ्यायला गेले तर ती मी आधीच पर्समध्ये टाकली होती. दुकान आमच्या चौकातून उजवीकडे वळलं की दुसऱ्या मिनिटाला येतं. आम्ही स्टेडियम, पाण्याची टाकी आणि कोर्ट यांना प्रदक्षिणा घालून अर्ध्या तासाने पोचलो. इकडे गर्दी कमी असते, असं ह्यांचं म्हणणं. वेळ काढताहेत, काढू देत, म्हटलं.

दुकानदाराला सगळे पैलवान म्हणतात. अंगाने असा की टायरच्या मधून कुठेही न घासता आरपार जाईल. बोलणं त्याहून कमी. त्याने गाडी जॅकवर चढवली, मागचं चाक काढून बाकावर ठेवलं आणि रस्ता सरळ लागतो की वळणाचा, एवढंच विचारलं. म्हणजे आमच्या ह्यांना व्यासपीठच मिळालं. वळणावर गाडी किती झोपवावी, खांदा कुठे न्यावा, नजर कुठे ठेवावी, सगळं सुरू झालं. पैलवानाने एकदा टायरकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे, आणि त्याला एकदम पंपापाशी काम निघालं.

तेव्हा मी टायरकडे नीट पाहिलं. टायरमधलं मला काही कळत नाही, पण झिजलेल्या तळव्यांतलं कळतं. पेशंट आला की मी आधी त्याचे बूट उलटे करून बघते. माणूस तोंडाने काहीही सांगो, कुठे दुखतं आणि तो कशावर भार टाकायचं टाळतो, ते टाच सांगते. हा टायर मधे सपाट झाला होता, ते ठीक. डावी कड तुळतुळीत. आणि उजव्या कडेला, वर्षभर वापरलेल्या टायरला, कारखान्यातून येताना असतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे उभे होते.

स्टेडियम, टाकी, कोर्ट. माझ्या भावाकडे जायला लागणारा पाऊण तास. बाजारात जाताना विनाकारण वाटेत लागणारी ती भलतीकडची शाळा. तीन डाव्या वळणांचं एक उजवं होतं, हे गणित नकाशे काढणाऱ्यालाच सुचणार.

"उजवीकडे काय दुखतंय?" मी विचारलं.

पेशंटला विचारते तसंच विचारलं होतं, आवाज न चढवता. ह्यांनी आधी रस्त्याच्या उताराचं काहीतरी सांगितलं. मग रबराच्या दर्जाचं. मग बाकावर बसले आणि हळूहळू बाहेर आलं. चौदा महिन्यांपूर्वी, बँकेच्या चौकात, उजवीकडे वळताना गाडी चालत्या माणसाच्या वेगात असताना आडवी झाली होती. ह्यांना लागलं काही नाही. पण गाडी उचलेना. मागे हॉर्न वाजत होते. हे हँडल ओढून ओढून घामाघूम झाले, शेवटी रिक्षातून दोघं उतरले आणि त्यांनी ती उभी केली. जाताना त्यांतला एक म्हणाला की, आजोबा, झेपत नाही तर कशाला चालवता. ह्यांनी ते घरी सांगितलं नाही. पेटीवरचा ओरखडा मांजराच्या नावावर खपवला.

"तेव्हा मी एकटा होतो," हे म्हणाले. "तू मागे असतीस तर? ती सगळी बेरीज तुझ्या पायावर आली असती."

महिनाभर मी त्या बेरजेत स्वतःला जास्तीची समजत होते. मला रडू येईल असं वाटलं आणि रागही आला, आणि दोन्हींतलं काय आधी करावं ते न सुचल्याने मी पैलवानाला हाक मारली.

तो पंपापाशी उभा राहून सगळं ऐकत होताच. त्याने तीन वाक्यांत निकाल लावला. हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की अशी गाडी बसकण मारते, सगळ्यांची मारते, त्याचा वयाशी काही संबंध नाही. आणि टायर म्हणाल तर मधे कडक आणि कडेला मऊ असाही येतो, पण तो वळणाऱ्यांसाठी. सरळ जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ह्यांनी वहीकडे हात केला. मी वही पर्समध्ये आणखी खाली दाबली आणि वळणाऱ्यांचे द्या म्हणून सांगितलं.

टायर चढेपर्यंत मी दुकानाचं अंगण पाहून ठेवलं. जुने टायर आडवे पसरून मी त्यांची गादी केली आणि ह्यांना म्हटलं, थोरलीला हिच्यावर निजवा, उजव्या कुशीवर. ह्यांना वाटलं मला वेड लागलं. पण पडलेला माणूस जमिनीवरून कसा उचलायचा, हे मी एकतीस वर्षं वॉर्डातल्या मावशींना शिकवते आहे. ओढायचं नाही. कमरेतून वाकायचं नाही. त्याच्याकडे पाठ करायची, टेकायचं, आणि पायांनी ढकलायचं. गाडी काही वेगळी नाही, ती निदान कण्हत तरी नाही.

मी आधी तिचं स्टँड बाहेर काढून ठेवलं. ते डाव्या अंगाला असतं, त्यामुळे गाडी उजवीकडे पडली की ते काढायला मोकळं राहतं आणि उचलल्यावर ती पलीकडे कलंडत नाही. म्हणजे चौदा महिने ज्या बाजूची धास्ती घेतली, तीच सोयीची बाजू निघाली. मग मी थोरलीकडे पाठ केली, सीटच्या कडेला टेकले, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि बारीक पावलं टाकत मागे सरकत गेले. ती उठली. मला स्वतःलाही तो धक्का होता, पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पैलवानाच्या हातातला पाना खाली पडला.

मग ह्यांनी उचलली. पहिल्या खेपेला जमली नाही, दुसऱ्या खेपेला अर्धी आली, तिसऱ्या खेपेला उभी राहिली. त्यानंतर हे थांबेचनात. पाडायची आणि उचलायची. सातव्या खेपेला पैलवानाने, नवे टायर रस्त्यावर चालवायला घेतले आहेत ना, असं विचारलं आणि आम्ही निघालो. पुढचे पाच दिवस ह्यांनी रिकाम्या मैदानात उजवीकडे गोल गोल चकरा मारल्या. मैदानात व्यायामाला येणारी माणसं दुसरीकडे जाऊ लागली.

शेवटच्या दिवशी पाच वाजता मी तळघरातून वर आले तर गेटवर थोरली उभी होती, पेट्या बांधलेल्या. डॉक्टर, मावशी, शिपाई, माझे दोन जुने पेशंट कुबड्यांसकट, सगळे निरोप द्यायला जमलेले. गेटातून डावीकडे आमचं घर, उजवीकडे समुद्र. मी मागे बसले. ह्यांनी उजवा इंडिकेटर लावला आणि थांबले. वाहनं येत राहिली. हात हलवणारे हात बदलून हलवू लागले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते डावीकडे वळले असते तर मी त्यांना कधी बोलून दाखवलं नसतं, एवढं मी जिन्यावरच ठरवलं होतं.

रस्ता मोकळा झाला. हे निघाले, हँडल वळलं, आणि नेमकी समोरून ॲम्ब्युलन्स आत वळली. ह्यांनी पुढचा ब्रेक दाबला.

थोरली सावकाश, पुरेसा वेळ देऊन, उजवीकडे आडवी झाली. उजव्या पेटीच्या पुढचा लोखंडी गार्ड जमिनीला टेकला आणि मी पायउतार झाले, बसमधून उतरतात तशी. ह्यांचंही काही बिघडलं नव्हतं. सगळं हॉस्पिटल धावलं. शिपाई तर वाकून हँडलला हात घालायच्या बेतात होता.

"कोणी हात लावायचा नाही," हे म्हणाले.

इतक्या मोठ्याने मी त्यांना एकतीस वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. सगळे जागच्या जागी थांबले, ॲम्ब्युलन्ससुद्धा. ह्यांनी चाकोरीतलं काम असावं तसं स्टँड बाहेर काढलं, गाडीकडे पाठ केली, टेकले, आणि सगळ्यांच्या देखत तिला एका दमात उभं केलं. कपाळावरचा घाम पुसला. चेहरा लाल झाला होता, आणि त्या चेहऱ्याचा मला इतका अभिमान वाटला की मी डॉक्टरांकडे वळून उगाचच, आमचे हे, असं सांगितलं.

"बस," हे म्हणाले. मी बसले, आणि आम्ही उजवीकडे वळलो.