मागं राहिलेली पाथ

काळमेघ सरांचं वर्तुळ ही बघण्यासारखी गोष्ट होती. कंपास नाही, पट्टी नाही, खांद्यातून हात एकदा फिरवला की फळ्यावर परातीएवढं गोल उमटायचं. मग सर खिशातून सुतळीचा तुकडा काढत. एक टोक मधोमध दाबून धरत, दुसरं काठाकाठानं फिरवत आणि कुठं तसूभरही चूक नाही हे साऱ्या वर्गाला दाखवत. यात तासातला अर्धा वेळ जायचा. उरलेल्या वेळात गाइडातलं उत्तर फळ्यावर यायचं, फळ्यावरून पोरांच्या वहीत जायचं, आणि घंटा झाली की डस्टर फिरायचं. डोक्यात काय गेलं हे विचारायची पद्धत नव्हती. दहावीचं गणित असं चाललं होतं.

त्या दिवशी पुष्पानं विचारलं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं, शेजारच्या वावरात सोयाबीनचं थ्रेशर धडधडत होतं आणि त्याचा भुसा खिडकीतून आत येऊन वह्यांवर बसत होता. सरांनी वर्तुळाला मधोमध आडवी रेघ मारली, तिच्या दोन टोकांपासून दोन रेघा वर नेऊन काठावर जोडल्या आणि लिहिलं, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो.

"सर, थो काटकोनच काहून होते?"

सर म्हणाले, प्रमेय आहे ते. पुष्पा उभीच राहिली. बिंदू काठावर जरा सरकवला तरी काटकोनच राहील का, असं तिनं पुन्हा विचारलं. सरांनी गाइड उघडलं, पान उलटलं, परत उलटलं. मागच्या बाकावरचा प्रेम फिसकन हसला. सरांचे कान लाल झाले.

"फार शहाणी झालीस तू. वर्गाबाहेर जाऊन विचार कर," ते म्हणाले.

पुष्पा व्हरांड्यात उभी राहिली. रडू येत नव्हतं, पण पाय एका जागी ठरत नव्हते. या खांबापासून त्या खांबापर्यंत ती चालत राहिली, आणि दर फेरीला तिला तिची थोरली बहीण जमनी आठवत होती.

जमनीचं गणितच राहिलं होतं. पाच विषय निघाले, गणितात चार गुण कमी पडले. वर्ग हाच, सर हेच. त्यानंतर जमनीनं दोन-तीन हंगाम लोकांचा कापूस वेचला आणि मग तिला दारव्ह्याकडच्या एका तांड्यात दिली. आता तिच्या कडेवर पोरगी होती. बाप शंकरसिंग तसा वाईट माणूस नव्हता, पण एकदा पोळलेला होता. त्यानं जूनमध्येच पुष्पाला बजावलं होतं.

"सगळे विषय निघाले तं दिग्रसले अकरावीत घालतो. एक बी राह्यला तं दप्तर खुटीले. थे एटीकेटी-फिटीकेटी मले नाई सांगायची."

म्हणजे गणित निघालं तर दिग्रस, नाहीतर खुंटी. आणि बाकीच्या विषयांची पुष्पाला भीती नव्हती.

खरं तर काळमेघ सर गणिताचे नव्हतेच. ते चित्रकलेचे. गणिताचे सर सहा वर्षांपूर्वी बदलून गेले, जागा भरली नाही, आणि हेडमास्तरांनी गणिताचं पुस्तक काळमेघ सरांच्या हातात दिलं. ही गोष्ट गावाला माहीत होती, तांड्याला माहीत होती. शाळा समितीचे अध्यक्ष विठ्ठलराव यांनी, ज्यांची मुलगी सुरभी पुष्पाच्याच वर्गात होती, गणिताचा मास्तर द्या म्हणून वर अर्जही केला होता. अर्ज गेला तो गेलाच. दिग्रसला शिकवणी लावावी तर परतीची एसटी अंधार पडल्यावर, आणि तांड्यातून पोरींना त्या वेळी कोण येऊ देणार? मोबाइलवर गणित शिकवणारे पुष्कळ मास्तर होते, पण घरातला एकुलता मोबाइल दिवसभर शंकरसिंगच्या खिशात वावरात असायचा.

प्रेमचं म्हणणं होतं, शाळेला कुलूप ठोकू. पोरं तयार झाली आणि एका सोमवारी ठोकलंही. हेडमास्तर हात जोडून आले, विठ्ठलराव आले, फोटो निघाले. चार दिवस शाळा बंद राहिली आणि पाचव्या दिवशी उघडली. फळ्यावर तेच वर्तुळ, तीच सुतळी. बुडाले ते चार दिवस पोरांचेच. पुष्पाला घरी भाकर गोड लागेना. पुस्तक उघडायची, मिटायची, परत उघडायची.

"तुह्या पायाले भिंगरी बांधली का व?" असं तिची याडी, म्हणजे आई रामीबाई, दोनदा म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत रामीबाईनं तिला कापूस वेचायला नेलं. रामीबाई बायांच्या टोळीची म्होरकी. आदल्या आठवड्यात पाणी पडून गेलं होतं, काळी माती चपलेला चिकटत होती आणि बोंडं एकदमच फुटली होती. रामीबाईनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पाथी लावून दिल्या. एकेका बाईला कापसाचे दोन-दोन तास, म्हणजे ओळी, ती तिची पाथ. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत वेचत न्यायची. जिथं बोंड दाट तिथं हाताची चपळ बाई, आणि म्हातारीकोतारी असेल तिला विरळ पाथ. पुष्पानं हौसेनं दाट पाथ मागितली. रामीबाईनं दिली.

तासाभरात पुष्पा एकटी मागं राहिली. कापसाच्या पळाटीची टोकं बोटांना टोचत होती, पाठ वाकून मोडायला आली होती. बाया पलीकडच्या धुऱ्यावर पोचल्या होत्या. आता त्या पाणी पितील, सुपारी खातील, आपल्याला हसतील, असं तिला वाटलं. पण पाण्याच्या घागरीला कुणी हात लावला नाही. बाया वळल्या आणि तिच्याच पाथीला समोरून लागल्या. ती इकडून, त्या तिकडून, आणि मधे गाठ पडली तेव्हा रामीबाईनं कपाळाचा घाम पुसला.

"एक पाथ उभी राह्यली म्हंजे वावर वेचलं म्हणत नाई, पोरी. जे पहिले लागन धुऱ्याले, तिनं मांगं वळाचं. अन आपली पाथ झेपत नसन तं आवाज द्याचा. तोंडानं काय मौनी अमुशा धरली होती?"

पुष्पा मग पाणी प्यायली, पण तिचं लक्ष पाण्यात नव्हतं. ती बोटांवर धडे मोजत होती. बीजगणिताचे सहा, भूमितीचे सात.

सुट्टी संपल्यावर तिनं वर्गात पाथी पाडल्या. पोरं तेवीस, धडे तेरा. कुणी जोडीनं घेतला, कुणी एकट्यानं. घेतलेला धडा कसाही करून समजून घ्यायचा, चुलतभावाला विचारा, आठवड्याच्या बाजारी दिग्रसला गेलात तर कॉलेजच्या पोराला गाठा, बापाचा मोबाइल मागा, पण समजून घ्या आणि मधल्या सुट्टीत बाकीच्यांना समजावून द्या. ज्याचा झाला त्यानं अडलेल्याच्या धड्याला लागायचं. प्रेमनं सगळ्यांत आधी उडी मारून संभाव्यता घेतली, कारण ती सोपी. हुशार पोरं सोपे धडे घेऊन बसली आणि त्रिकोणमिती कुणाच्याच वाट्याला येईना. तेव्हा पुष्पानं रामीबाईसारखं सरळ सांगितलं की दाट पाथ चपळ हाताला, आणि सुरभीच्या पदरात त्रिकोणमिती टाकली. वर्तुळ तिनं स्वतः घेतलं. थोडा रागही होता त्यात.

लिंबाखाली मधल्या सुट्टीत शाळा भरू लागली. प्रेम नाणं उडवून संभाव्यता शिकवायचा आणि त्याचं नाणं हरवलं की सगळा वर्ग गवतात शोधायचा. सुरभीनं बापाच्या मोबाइलवर रात्रीच्या जेवणाआधीचा तास मागून घेतला होता. समीकरणं निघाली, श्रेढी निघाली. जानेवारी आला, तूर पिवळी पडली, सगळे आपापल्या धुऱ्याला लागत होते आणि पुष्पा मात्र त्याच काटकोनाशी अडून होती. गाइडातली आकृती बोटाच्या नखाएवढी, छपाई फुटलेली. वहीत काढावी तर वर्तुळ भोपळ्यासारखं यायचं. आवाज द्याचा, असं आई म्हणाली होती. पण इथं आवाज द्यायचा कुणाला?

शेवटी ती चित्रकलेच्या खोलीत गेली. सर एकटे बसून गॅदरिंगचा पडदा रंगवत होते. तिला बघताच त्यांचा चेहरा आक्रसला. पुन्हा प्रश्न येणार असं त्यांना वाटलं असावं.

"सर, मी काई विचारत नाई," पुष्पा म्हणाली. "मले फक्त थे चित्र मोठं काढून पाह्यजे. एकेक रेघ, सावकाश."

चित्र म्हटल्यावर सरांचा हात आपोआप खडूकडे गेला. वर्तुळ उमटलं. आडवी रेघ आली, वरच्या दोन रेघा आल्या. मग सवयीनं त्यांनी सुतळी काढली, मधोमध धरली आणि काठावरून फिरवली. आडव्या रेघेचं डावं टोक, मग वरचा कोपरा, मग उजवं टोक.

"सर, थांबा. तथीच धरा."

सुतळी मध्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणलेली होती. पुष्पानं लाल खडू घेतला आणि सुतळीखाली रेघ ओढली. मोठ्या त्रिकोणाचे दोन त्रिकोण झाले. सुतळी तिन्हीकडे तेवढीच. म्हणजे डाव्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या, उजव्याच्याही सारख्या. बाजू सारख्या तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे. ती बोलत गेली आणि लिहीत गेली. डावीकडचे दोन कोन सारखे, उजवीकडचे दोन सारखे, आणि चारी मिळून मोठ्या त्रिकोणाचे एकशे ऐंशी. वरच्या कोपऱ्यात प्रत्येक जोडीतला एक-एक. म्हणजे बरोबर निम्मे. नव्वद.

सर फळ्याकडं बघत होते, हातातल्या सुतळीकडं बघत होते. वर्गात ते नेहमी शुद्ध बोलत, पण आता त्यांच्या तोंडून घरची बोली आली.

"सहा वर्सं झाले, मी हे सुतळी फिरवून राह्यलो. माह्याच हातात होतं व हे." मग खाली बघत म्हणाले, "मले कोनं विचारलं नोतं, पोरी. पुस्तक हातात देल्लं. येत नाई म्हणाची लाज वाटली."

पुष्पाच्या मनात त्यांच्याविषयी केवढा तरी राग साठलेला होता. तो सगळा गेला असं नाही. जमनीचं वर्ष काही परत येणार नव्हतं. पण त्या घटकेला तिला सरांची दया आली आणि स्वतःचीही लाज वाटली, कारण इतके दिवस तिनं त्यांच्याकडं जे नव्हतं तेच मागितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी खडू पोरांच्या हाती दिला आणि स्वतः शेवटच्या बाकावर प्रेमशेजारी वही घेऊन बसले. भूमितीची आकृती आली की उठायचे, काढून द्यायचे, परत जागेवर. प्रेमला वाटलं हेही हसण्यासारखं आहे, पण सरांनी त्याच्याच वहीतून पाहून संभाव्यतेचं गणित सोडवलं तेव्हा त्यानं वही त्यांच्याकडं सरकवली. परीक्षेपर्यंत तेराही पाथी वेचून झाल्या. शेवटची फकिरा नावाच्या पोराची होती, त्याला सगळे समोरून लागले.

निकाल लागला. तेवीसच्या तेवीस पास. पुष्पाला गणितात त्र्याहत्तर. शंकरसिंगनं मोबाइल तीनदा डोळ्यांजवळ नेला आणि दुसऱ्याच दिवशी दिग्रसला जाऊन अकरावीचा फॉर्म घेऊन आला. खुंटी मोकळीच राहिली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा विठ्ठलरावांच्या अर्जाला उत्तर आलं. पुष्पा दाखला न्यायला गेली होती, सोबत दहावीत गेलेला तिचा धाकटा भाऊ सोनू होता. हेडमास्तरांनी कागद वाचून दाखवला. सदर शाळेचा गणित विषयाचा निकाल शंभर टक्के असल्याने स्वतंत्र गणित शिक्षकाची आवश्यकता दिसून येत नाही.

विठ्ठलरावांनी कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला. काळमेघ सर दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. पुष्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं तिला वाटलं. आपण नापास झालो असतो तर मास्तर आला असता, पास झालो म्हणून येणार नाही. घरच्या वाटेवर सोनूनं हळूच विचारलं की आता आमचं काय. तिनं दप्तरातून तिची वर्तुळाची वही काढून त्याच्या हातात कोंबली.

"पाथी पाडा. आकृती सरायले मांगजा, उत्तर नोका मांगू. रईवारी मी येतोच."

घरी जमनी माहेरपणाला आलेली होती. ओसरीत पोरीला मांडीवर थोपटत बसली होती. पुष्पानं तणतणत सगळं सांगितलं, सुतळी, कागद, शंभर टक्के, सगळं. जमनी ऐकत होती. मग तिनं विचारलं, ते काटकोनाचं खरंच सुतळीनं निघतं का.

पुष्पाचा राग तिथंच थांबला. जमनीचे चार गुण. जुलैत राहिलेल्यांची परीक्षा असते, फॉर्म भरायला अजून आठवडा होता. वर्ग पास होऊन धुऱ्याला लागला होता आणि एक पाथ उभीच होती, घरातलीच, आणि इतके दिवस तिच्याकडं कुणी वळून पाहिलं नव्हतं.

"जमने, तुहं गणित कोठं अडलं थे सांग. तू कोण्या धड्यापरेंत आली होती?"

"वर्तुळापरेंत," जमनी म्हणाली. "त्याच्या पुढचं काईच नाई पोचलं माह्या हातात."

पुष्पानं सोनूच्या हातातून वही परत घेतली, उघडून जमनीपुढं ठेवली आणि पोरगी आपल्या मांडीवर घेतली. उन्हातून आली होती, तरी पाणी प्यायला ती उठली नाही.