आत्याची जीभ

आम्ही मूळचे डोंगरावरचे लोक. डोंगर कुंपणाआड गेल्यावर आमच्या वडिलांच्या पिढीला खाली आणून कारखान्यांच्या मागील बाजूस, पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगांत वसविण्यात आले. माझा जन्म तेथलाच. डोंगरावरची बोली आम्ही हळूहळू विसरलो, पेहराव विसरलो. परंतु औषध विसरलो नाही, आणि याचे संपूर्ण श्रेय माझ्या आत्याकडे जाते. वर्षातून दोन वेळा ती कुंपणाच्या रखवालदाराची मनधरणी करून आत जाई व मुळ्या खणून आणी. दोन्ही रांगांतील माणूस आजारी पडला की सरकारी दवाखान्याच्या आधी आत्याचा उंबरा गाठीत असे.

आमच्यात औषध देण्याची एक रीत आहे. तिच्यावाचून पुढील हकीकत उमगणार नाही, म्हणून ती प्रथम सांगतो. औषध देणाऱ्याने मुळीचा एक काप रोग्याच्या नातलगांसमक्ष स्वतःच्या जिभेवर ठेवायचा, शंभर अंक मोजेपर्यंत धरायचा, मग थुंकून टाकायचा आणि म्हणायचे, "ओळख पटली." हे दोन शब्द कानांवर पडल्याखेरीज आमच्यातील कोणीही घोट घेत नाही. कारण असे की, वाळल्यावर बहुतेक मुळ्या एकसारख्याच दिसतात. डोळा फसतो, नाकही फसते, जीभ मात्र फसत नाही, असे वडीलधारे म्हणत. बरण्यांवर कोणतीही खूण करण्यास म्हणूनच मनाई होती. खूण केली की जीभ आळशी होते.

मी सातवीपर्यंत शिकलो आहे. लाकडाच्या वखारीच्या फाटकावर बसून आत-बाहेर होणाऱ्या गाड्यांचे क्रमांक वहीत उतरविणे हे माझे काम. रद्दीत आलेली पुस्तके मी वाचतो, यामुळे थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, मला 'पंडित' म्हणून हाक मारी. दादा सुतार. एका खोलीत दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली व मी, आणि लगतच्या खोलीत आत्या, असे आमचे कुटुंब होते. आई लवकर गेल्याने आम्हा दोघा भावांना आत्यानेच वाढविले.

गेल्या थंडीत आत्याला ताप आला आणि तो बारा दिवस राहिला. उतरल्यानंतर काही दिवसांनी मी तिला चहा नेऊन दिला. चुलीवरून नुकताच उतरविलेला तो चहा तिने दोन घोटांत संपविला.

"आत्या, उकळता होता तो."

"असेल."

"जीभ दाखव."

"का? डॉक्टर झालास वाटतं?"

तरीही तिने दाखविली. जिभेच्या शेंड्यावर पांढरा फोड उठला होता व तिला त्याची वार्ताही नव्हती.

"कधीपासून?" मी विचारले.

"ताप उतरला तेव्हापासून. तोंडात लाकूड ठेवल्यासारखं झालंय. मीठ कळत नाही, गूळ कळत नाही, भाजलेलं कळत नाही."

"दादाला सांगू या."

"सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." मग ती म्हणाली, "उद्यापासून मी कोण रे? कोपऱ्यातली म्हातारी. फुकट गिळणारी."

त्या क्षणी मी 'आत्या, आता थांब' असे म्हणावयास हवे होते. मी म्हटले नाही. उलट, मी शिकलेला मनुष्य आहे, यातून मार्ग काढीन, असा अहंकार माझ्या ठायी उत्पन्न झाला.

सुट्टीचे दोन दिवस मी तिच्या खोलीत काढले. एकूण अकरा बरण्या होत्या. ती एकेकीतला काप काढून देई, मी तो जिभेवर ठेवी आणि काय जाणवते ते सांगे.

"आधी कडू. मग मागून गोड येतंय."

"ते पोटाचं. काढा करून द्यायचं. पुढचं घे. लगेच थुंक हां."

"जीभ बधिर झाली. ओठसुद्धा."

"ते सांध्याचं. तेलात उगाळून नुसतं चोळायचं. पोटात गेलं तर काळीज थांबतं."

याप्रमाणे सर्व मुळ्यांची निश्चिती झाल्यावर मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. 'उदरशूलहर', 'संधिवातहर' अशी नावे पुस्तकात पाहून सुवाच्य अक्षरात लिहिली. आत्याला वाचता येत नव्हते, म्हणून शब्दाखाली चित्रे काढली: पोटासाठी वाटोळे, सांध्यासाठी वाकलेले कोपर. बरण्यांना वर्षानुवर्षांच्या धुराची व तेलाची पुटे चढलेली असल्याने त्यांवर कागद धरेना. मी सर्व चिठ्ठ्या झाकणांवर चिकटविल्या; मनाई बरण्यांना आहे, झाकणांना नव्हे, अशी मनाची समजूतही घातली.

घरात विचारणा झालीच.

"हे काय नवीन?" वहिनी म्हणाली.

"पंडिताची हौस," दादा म्हणाला. "उद्या आपल्या पाठीवर चिकटवेल. नवरा, बायको."

मी हसलो. हौसच आहे, असे मी तोंडाने सांगितले.

यानंतर सात महिने आत्या चित्र पाहून बरणी उघडीत असे, काप जिभेवर ठेवीत असे, शंभर मोजून दोन शब्द उच्चारीत असे, आणि लोक बरे होऊन जात असत. माझ्या उपायाचा मला अभिमान वाटू लागला होता, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

आता झाकणांविषयी. महिन्यातून एकदा सर्व बरण्या अंगणात मांडून त्यांना ऊन दाखवावे लागते. झाकणे एका बाजूस रचून ठेवतात व ऊन उतरले की जे हाती येईल ते झाकण हाती येईल त्या बरणीवर बसवितात. ही सर्व झाकणे दादाने एकाच मापाने कापली होती. "कोणतंही झाकण कोणत्याही बरणीवर बसलं पाहिजे, नाहीतर सुतार कशाला म्हणायचं," असे तो म्हणे. आजवर याने काही बिघडले नव्हते, कारण निवाडा जिभेपाशी होता. चिठ्ठ्या झाल्यापासून मात्र आत्या झाकणे स्वतः जुळवी. प्रत्येक झाकण ती ज्याच्या त्याच्या बरणीपुढे ठेवी, आणि त्यांना दुसऱ्याचा हात लागू देत नसे.

त्या महिन्यात बरण्या उन्हात असताना पलीकडच्या रांगेतून आत्याला एका बाळंतिणीसाठी बोलावणे आले. मी वखारीत होतो. दुपारी आभाळ भरून आले, तेव्हा वहिनीने धावपळ करून अकराही बरण्या आत घेतल्या, मागून झाकणे गोळा करून आणली व ती भराभर लावली. आत्या परतली तो सर्व बरण्या फळीवर ओळीने होत्या. झाकणे कोणी व कशी लावली, असे तिने विचारले नाही. विचारले असते तर का विचारते आहे, हेही सांगावे लागले असते. ही गोष्ट तिने मला नंतर, दवाखान्याच्या बाकावर सांगितली.

पुढल्या रविवारी जेवण झाल्यावर दादाच्या पोटात कळ उठली. तसा तो सोशीक. तरीही गुडघे पोटाशी घेऊन पडला.

"पंडित, तुझ्या पोथीत पोटाला काय लिहिलंय?"

"आत्याला बोलावतो."

"बोलाव. आणि तिला म्हणावं कमी कडू दे. मागच्या वेळी तीन दिवस बायको कडू लागत होती."

"मेल्याला दुखताना पण सुचतं," वहिनी म्हणाली व हसली.

आत्या वाटोळ्याच्या झाकणाची बरणी घेऊन आली. आम्ही सर्व समोर बसलो. तिने काप जिभेवर ठेवला. थोरली पुतणी मोठ्याने अंक मोजू लागली, आणि सत्तरच्या पुढे चुकली तेव्हा दादाने तिला दुरुस्त केले. शंभर झाले. आत्याने थुंकून टाकले, माझ्याकडे पाहिले, आणि ती म्हणाली, "ओळख पटली." वहिनीने काढा उकळला. दादा एका दमात प्याला.

"आज कडूच नाही," तो म्हणाला. "पण जिभेला मुंग्या येतायत."

आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती ताठ झाली. मी तिच्याकडे पाहिले नाही. मुळी जुनी असेल, उकळी जास्त आली असेल, असे काहीबाही मनाशी म्हणत राहिलो. थोड्याच वेळात दादाचे ओठ पांढरे पडले, त्याला वांत्या सुरू झाल्या आणि हातपाय गार पडू लागले. वखारीच्या टेम्पोतून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले.

तेथील डॉक्टरीणबाई वयाने लहान परंतु तत्पर होत्या. दादाची नाडी धरून त्यांनी विचारले, "यांना काय दिलं?"

मी म्हणालो, "पोटाची मुळी. काढा."

"नक्की?"

"नक्की. बरणीवर तसं लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?"

"मीच."

आत्याने माझे मनगट घट्ट धरले होते. मी आणखी एकच वाक्य बोलावयास हवे होते: हिची जीभ मेलेली आहे, बरणी चुकली असू शकते. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले. परंतु तिने घातलेली शपथ मला आठवली, शेजारी वहिनी उभी होती, आणि मी ते गिळले. बाई पोटाच्या उपचाराला लागल्या.

मी टेम्पोवाल्याला घेऊन घरी परतलो. वाटोळ्याचे झाकण काढून बरणीतला काप जिभेवर ठेवला. वीस मोजण्याआधीच जीभ, ओठ, हनुवटी सर्व नाहीसे झाल्यासारखे झाले. कोपराच्या झाकणाखाली कडू आणि मागून गोड होते. दोन्ही बरण्या उराशी धरून मी दवाखान्यात पोहोचलो व बोबड्या तोंडाने बाईंना सर्व सांगितले. त्यांनी धावपळ केली, छातीवर दाब दिला, सुया टोचल्या. दिवे लागण्याच्या सुमारास त्या बाहेर आल्या.

"आधी कळलं असतं तर वाचले असते का, ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला आधी कळायला हवं होतं."

तिसऱ्या दिवशी दोन्ही रांगांतले वडीलधारे आमच्या अंगणात जमले. त्यांत मुकादम सर्वांत ज्येष्ठ. आमच्यात अजून त्यांचाच शब्द चालतो. आत्या मध्यभागी बसली आणि कोणी विचारण्यापूर्वीच बोलली.

"जीभ थंडीपासून मेली होती. मी चाखल्याचं सोंग केलं. खोटं बोलले. यात दुसऱ्या कोणाचा हात नाही."

"बरण्या अदलाबदल कशा झाल्या?" मुकादमांनी विचारले.

"जिभेला कळायला हवं होतं. कशा झाल्या ते विचारू नका."

"विचारावं लागेल, अक्का. माणूस गेलाय."

आत्याने मान खाली घातली. वहिनी दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. कशा झाल्या हे मला ठाऊक होते. आणि चौकशी आणखी दोन प्रश्न पुढे सरकली की ती कोणाच्या हातापाशी येऊन थांबणार, हेही कळत होते. मी उभा राहिलो.

"आत्याची जीभ गेल्याचं मला माहीत होतं," मी म्हणालो. "चिठ्ठ्या मी केल्या. त्या दिवशी बरण्या मी झाकल्या. चूक माझी."

आत्या माझ्यावर चवताळून उठली. "तुला कोणी बोलायला सांगितलं? म्हातारीवर गेलं असतं सगळं. ह्या पोरींना मागे एक माणूस राहिला असता."

मुकादमांनी निकाल हळू आवाजात सांगितला. आत्याने यापुढे कोणाला औषध देऊ नये. अकराही बरण्या खड्ड्यात रित्या कराव्यात. आणि मला, ठाऊक असून गप्प राहिलो म्हणून, दोन्ही रांगांत कोणी आपल्या दुखण्याबद्दल एक शब्द सांगू नये. आमच्या लोकांत यापरती नामुष्की नाही. खड्डा मी खणला. आत्याने एकेक बरणी स्वतः पालथी केली, आणि नंतर खोलीत जाऊन ती भिंतीकडे तोंड करून निजली.

माणसे पांगल्यावर वहिनी माझ्यापाशी आली. मी फावड्याची माती काढीत होतो.

"तू त्या दिवशी वखारीत होतास," ती म्हणाली.

मी फावडे खरवडीत राहिलो.

"आभाळ आलं म्हणून मी बरण्या आत घेतल्या. झाकणं मी लावली. हाताला येईल ते लावलं."

"वहिनी, आपण नेहमी तसंच..."

"नेहमी तसंच लावत आलो. मला कोणी सांगितलं होतं का, की आता झाकणाला अर्थ आलाय? मला वाटलं, तुझी हौस."

तिचा आवाज चढला नव्हता. काढा उकळणारेही तिचेच हात होते, आणि त्या हातांकडेच ती पाहत होती.

"पोरींना हे कधी कळता कामा नये," ती म्हणाली.

"नाही कळणार."

"कळेल. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. परवा दवाखान्यात पण दिसत होतं. मलाच वाचता आलं नाही." ती आत गेली आणि माझे दोन सदरे, पांघरूण व वहाणा एका पिशवीत भरून घेऊन आली. सदऱ्यांच्या घड्या तिने व्यवस्थित घातल्या होत्या. "तू इथे राहू नकोस, भाऊजी. तुझं काही चुकलं नाही म्हणून मी समजूत घालणार नाही. मला ते जमायचं नाही."

मी पिशवी घेतली. आत्याच्या दारात थोडा थांबलो. ती वळली नाही. धाकटी पुतणी अंगणात नवीन मातीवर पाय आपटीत होती, ती धावत माझ्या मागे आली.

"काका कुठे चाललाय?"

"काकाला लांबच्या वखारीत काम लागलंय," वहिनी दारातून म्हणाली. "आत ये. मातीत खेळू नकोस, हात धुवायचे आहेत."

मी मान डोलावली, आणि मुलीला माझा चेहरा दिसू नये म्हणून वळून चालू लागलो.