भिडूच्या तोंडाकडे

हर्मानला माती देऊन महिना उलटला आणि त्याच्या बायकोच्या, मेइकेच्या ओसरीवर पुन्हा ब्रिजचं टेबल लागलं. तोमोहोन गावात हे असंच चालतं. दुःखाच्या घरी माणसं प्रार्थना म्हणतात, केळ्याचे तळलेले काप झणझणीत मिरचीशी खातात आणि पत्ते पिसतात. एका बाजूला शेजारचा लेक्सी, दुसऱ्या बाजूला त्याची बायको नोनी, आणि समोर हर्मानच्या खुर्चीत, तिचा भिडू म्हणून, त्याचा धाकटा भाऊ योप्पी.

"मला नको होतं रे हे," मेइके म्हणाली.

"वहिनी, दादाची खुर्ची रिकामी ठेवली तर तोच येऊन बसेल."

मेइकेला ते खरंच वाटलं. महिनाभर त्या खुर्चीत कुणी नसतानाही ती करकरायची.

लेक्सीने बदाम हुकूम करून दहा हात करायची बोली लावली. योप्पीने ताडकन "डबल" म्हटलं. आता चार हात अडवले की लेक्सी दुपटीने बुडणार. हर्मान गेला त्या दिवशी त्याने शेवटचं डबल दिलं होतं, तेही याच लेक्सीला.

नोनीने आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले. आता ते लेक्सीच खेळणार. तिने नुसतं बघत बसायचं.

मेइके आणि योप्पीला तीन हात मिळाले. चौथ्यासाठी मेइकेने चौकटची दुर्री टाकली. लेक्सीने उघड्या पत्त्यांतला दहिला सरकवला. पाळी योप्पीची आली आणि योप्पी थांबला.

हर्मानही असाच थांबला होता. भिडू अडखळला तर त्यावरून काही ताडायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघणं म्हणजे चोरी, ही हर्मानचीच शिकवण. तिने ती जन्मभर पाळली. त्या दिवशीही पाळली. तो अडखळला तशी तिने मान आणखी खाली घातली आणि टेबलक्लॉथवरचा कॉफीचा डाग बघत बसली. कसला मेला तो प्रामाणिकपणा! लेक्सी ओरडला तेव्हा तिने वर पाहिलं. तोवर हर्मानचं डोकं टेबलावर आलं होतं.

डाग अजून तिथेच होता. खुर्ची करकरली.

"पत्त्यांकडे बघ, मेइके," हर्मान तिच्या कानाशी म्हणाला, अगदी स्पष्ट.

नाही बघत जा, असं मनात म्हणत तिने मान वर केली.

योप्पी तिच्याकडेच बघत होता. हातातले पत्ते विसरून, एकटक.

"असा काय बघतोयस रे?"

तो ओशाळला. "काही सुचेना, वहिनी. अडलं की नजर भिडूकडेच जाते. चुकलं माझं."

"चुकलंच! दोघंही चोर निघालात की," लेक्सीने चिडवलं.

मेइकेचं तिकडे लक्षच नव्हतं. ती नोनीकडे वळली.

"नोनी, त्या दिवशीही तुझेच पत्ते उघडे होते. तू मोकळी होतीस, सगळ्यांची तोंडं बघत होतीस. पडायच्या आधी हर्मान कुणाकडे बघत होता गं?"

नोनीची नजर मेइकेवरच थबकली, मग तिने मान खाली घातली आणि टेबलावर सरळच मांडलेले पत्ते पुन्हा सरळ करू लागली.