लाँड्रीतली तीन खणांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझे पॉलिश उडाले आहे, एका कोपऱ्याची ढलपी निघाली आहे; पण माझी मान आजही ताठ आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या लाँड्रीत झाला. तिथे रुग्णालयाचे कपडे आणि चादरी धुतल्या जात. मालकीणबाईंनी सुताराकडून मोडक्या टेबलाच्या लाकडातून मला घडवून घेतले. मला तीन खण दिले : ‘खूश’, ‘ठीक’ आणि ‘नाराज’. डॉक्टरांच्या कोटांची तुटलेली बटणे धुलाईत गोळा होत. कामगार असो वा गिऱ्हाईक, प्रत्येकाने त्यातले एक उचलायचे आणि मनाला पटेल त्या खणात टाकायचे. लिहावेसे वाटले तर सोबत चिठ्ठी.

माझी जबाबदारी बाईंच्या धाकट्या दिरांकडे होती. लाँड्रीचा कारभार तेच बघत, म्हणून कामगार त्यांना साहेब म्हणत. त्यांनी मला थेट आपल्या खुर्चीच्या वर टांगले. दर शनिवारी ‘खूश’ खण काठोकाठ भरायचा. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवायचे आणि मी फुलून जायचे.

एके दिवशी रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. त्यांनी एक चादर टेबलावर ठेवली.

“हात लावून बघा. ओलसर आहे. पेशंटला यावर कसं झोपवू? महिनाभर वाट बघते, नाहीतर दुसरी लाँड्री शोधते.”

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले. “अहो, पण आमच्या पेटीत तर सगळे खूश आहेत!”

“मग त्या पेटीलाच अंथरा ही चादर!” असे म्हणून सिस्टर तरातरा निघून गेल्या.

रुग्णालयाचे काम गेले असते, तर चाळीस घरांच्या चुली थंडावल्या असत्या. मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून विचारले, “मग पेटीत एकही तक्रार कशी नाही?” इस्त्रीवाल्या मावशी पुढे आल्या.

“बाई, रागावू नका. साहेबांच्या डोक्यावर टांगलेल्या पेटीत ‘नाराज’चं बटण टाकायची कोणाची छाती आहे?”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतके दिवस मी लोकांची भीती मोजत होते आणि तिला समाधान समजत होते.

बाईंनी त्याच दुपारी मला खाली उतरवले. मग मी फिरतीवर निघाले. दोन दिवस इस्त्रीच्या खोलीत, दोन दिवस रुग्णालयात आणि दोन दिवस फाटकाबाहेर, शेजाऱ्यांसाठी. शनिवारी ‘नाराज’ खण इतका गच्च झाला की झाकण लागेना.

साहेबांचा चेहरा पडला. “वहिनी, ही तर घरभेदी निघाली! फेकून देतो.”

“भाऊजी, आधी चिठ्ठ्या वाचा. आणि मोठ्यानं वाचा.”

साहेब कुरकुरत वाचू लागले. सिस्टरांनी लिहिले होते, चादरी ओलसर येतात. मावशींनी लिहिले होते, खिडकी बंद असते, वाफेत जीव गुदमरतो. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी लिहिले होते, तुमची खिडकी उघडली की वाफ माझ्या घरात शिरते, पुस्तकांना बुरशी लागली.

साहेब मध्येच थांबले. त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या आणि एकदम कपाळावर हात मारला.

“वहिनी, हे सगळं एकच दुखणं आहे! गुरुजी ओरडले म्हणून आपण खिडकी बंद केली. वाफ आत कोंडली. तीच घडी केलेल्या चादरींवर बसते!”

आठवडाभरात इस्त्रीच्या खोलीत वाफ ओढणारा पंखा बसला. गुरुजींच्या छपराहूनही उंच पाइप वर गेला. साहेब रोज संध्याकाळी चादरींच्या गठ्ठ्यांत कोपरापर्यंत हात घालून ओल तपासू लागले.

महिना भरला. मी पुन्हा त्याच तिन्ही ठिकाणी फिरून आले. या वेळी मला उघडायला सिस्टर आणि गुरुजीही हजर होते. मागच्या खेपेला साठांपैकी बावन्न बटणे ‘नाराज’ होती. आता ‘खूश’ निघाली एकोणपन्नास, ‘ठीक’ नऊ आणि ‘नाराज’ फक्त दोन! मावशींनी चक्क शिट्टी मारली. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर म्हणाल्या, “आता आमच्या नव्या इमारतीच्या चादरीही तुमच्याकडेच!”

एकच गलका झाला. साहेब मात्र ‘नाराज’ खणातल्या दोन चिठ्ठ्या उलगडत बसले होते.

“थांबा रे, या दोघांचं काय बिनसलंय ते आधी बघू या.”

मित्रांनो, त्या क्षणी मला जितका अभिमान वाटला, तितका कधीच वाटला नव्हता.

तुमच्या शाळेत, दुकानात, कचेरीत माझ्यासारखी एखादी पेटी असेल. तिला साहेबांच्या नजरेखाली टांगू नका. तिच्यावरची धूळ पुसा, तिला वेळच्या वेळी उघडा. आणि आत कडू शब्द सापडले तर घाबरू नका. तुमच्याकडून आशा आहे, म्हणूनच कोणीतरी ते लिहायचे कष्ट घेतले आहेत.